पाठीला चिकटलेलं चुंबक

“काका, सदरा वर करता का जरा?”

हा प्रश्न भर सभेत विचारून दाखव, असं सभेत शेजारी बसलेल्या माझ्या मैत्रिणीनं, बेबीनंदानं, मला डिवचलं होतं. दहावीतल्या पोरीनं बाप्याला असं म्हणायचं म्हणजे गावभर चर्चा. पण मागच्याच आठवड्यात मी वक्तृत्वात पहिली आले होते. आता मला कुणाचं भ्याव?

केदारखेड्याच्या ग्रामपंचायतीसमोर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. शहरातल्या एका खाजगी दवाखान्याची जीप आली होती. जीपमध्ये साहेबराव नावाचे मॅनेजर, आणि त्यांच्याबरोबर जाफराबादकडचे कारभारी काका. काकांच्या मणक्यात म्हणे दोन सळया आणि सहा स्क्रू होते.

“मायबापहो, झिजलेला मणका म्हणजे खिळखिळी बैलगाडी,” साहेबराव माइकवर म्हणाले. “आम्ही स्क्रू पिळतो, गाडी नवी. अन् स्क्रू कसले? तुमच्या ताटवाटीसारखं अस्सल स्टील, गंजायचं नाव न्हाई. हे बघा.”

त्यांनी स्पीकरमधलं काळं चुंबक काकांच्या पाठीला लावलं. ते सदऱ्यावरच घट्ट बसलं. बायांनी हात जोडले. एकजण तर काकांच्या पाया पडून आली.

माझी आई, चतुराबाई, पहिल्याच रांगेत होती. कापूस वेचून वेचून तिची कंबर गेलेली. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, याच दवाखान्यात तिचं सोमवारचं ऑपरेशन ठरवून टाकलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासून सांगितलं होतं, “पायांत ताकद आहे, मुंग्या नाहीत. आधी तीन महिने व्यायाम करा.” पण व्यायामाला चुंबक कुठं चिकटतंय?

मला मात्र भांडेवाली आठवली. जुन्या लुगड्यांवर ताट देताना ती चुंबक लावून दाखवते: घसरलं तर अस्सल स्टील, चिकटलं तर हलका माल. आमच्या बाया त्या परीक्षेत कुणाच्या बापाला ऐकत नाहीत. मग काकांच्या पाठीतलं अस्सल स्टील चिकटतं कसं?

मी उठले आणि काकांना सदऱ्याचं विचारलं. सभेत खसखस पिकली.

“पोरी, लाज हाय का?” साहेबराव म्हणाले.

“हाय ना. म्हणून तर तुम्हाला सदरा वर करायला न्हाई सांगितलं.”

मंग मी भांडेवालीची परीक्षा सांगितली. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. म्हाताऱ्या चांगुणाबाई म्हणाल्या, “कर रे बाबा वर. आम्ही लई पाठी चोळल्यात.”

काकांनी सदरा वर केला. आत कमरेचा पट्टा, त्यात लोखंडाच्या कांबी शिवलेल्या. चुंबक त्यांना चिकटलं होतं. पट्ट्याच्या वर ऑपरेशनचा व्रण दिसत होता. तो खरा होता.

“दोन वर्षं झाली,” काका खाली बघत म्हणाले. “स्क्रू हायेत, दुखणं बी हाय. पट्टा काढला की उभं राहवत न्हाई. हे गोळ्या फुकट देतात, म्हणून फिरून राह्यलो.”

साहेबरावांना एकदम पुढच्या गावाची घाई झाली.

आता मी स्क्रूंची वैरीण नाही. मणका मोडला, सरकला, पायांतली ताकद चालली, तर त्यांचा उपयोग होतो, हेही डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं. पण कामानं झिजलेल्या नुसत्या दुखऱ्या कमरेला दरवेळी लोखंड लागत नाही. पुष्कळांना व्यायामानंही तितकाच आराम पडतो. कुणी एक बरा झालेला माणूस दाखवला, तर बाकीचे कुठं आहेत ते विचारा. ताट घेताना इतकं पारखता, मग पाठ कापायला देताना का नाही?

घरी आल्यावर अण्णा म्हणाले, “दुसरा दवाखाना बघू.”

“मला कापून घ्यायची हौस न्हाई,” आई म्हणाली, “पण वाकता येत न्हाई ना.”

“मंग ऐका,” मी म्हणाले. “सोमवारी आई कुठंच भरती होणार न्हाई. तीन महिने तिचा व्यायाम रोज सकाळी मी घेणार. सुट्टीच्या दिवशी तिच्या वाट्याचा कापूस मी वेचणार. अन् अण्णा, उद्यापासून पाण्याच्या घागरी तुम्ही आणणार.”