आईवर गेलेली मिरची

सतरा नंबरच्या झाडाची मिरची भाचीने सहज दाताखाली धरली आणि तिच्या डोळ्यांना धार लागली. तक्त्यात मामाच्या अक्षरात तिखटपणाचा आकडा होता, पाचपैकी एक.

"मामा, ही एक?"

"एकच. तुझीच जीभ नाजूक, लाडोबा."

मिरचीच्या पैदास केंद्रात मामा एकवीस वर्षं चाखणारा होता. भाची मापं घ्यायची. यंदाच्या संकरात आई लांब आणि सौम्य, बाप आखूड आणि जहाल. दुसऱ्या पिढीची साठ झाडं एकमेकांना ओळख दाखवायला तयार नव्हती. कुणाच्या मिरच्या वीतभर, कुणाच्या बोराएवढ्या, काहींनी तर आभाळाकडे तोंड केलेलं. केंद्राला हवी होती लांब पण जहाल मिरची. मामाच्या तक्त्याप्रमाणे तसं एकही झाड नव्हतं, म्हणून शनिवारी सगळीच उपटणार होते.

भाचीने तक्ता पुन्हा वाचला. लांब त्या सगळ्या एक-दोन, आखूड त्या सगळ्या चार-पाच.

"मामा, तू चाखतोस की बघून लिहितोस?"

मामाने चष्मा पुसला. मग पुन्हा पुसला.

"मागच्या तापापासून जिभेला काही कळतच नाही गं. तिखटसुद्धा नाही. म्हटलं, आईवर गेली ती सौम्य, बापावर गेली ती जहाल."

"अरे, आईचं नाक आणि बापाचा संताप घेऊन मी समोर बसलेय की!"

मामाला हसू आलं, पण टिकलं नाही. "जीभ गेलेला चाखणारा कोण ठेवून घेईल?"

ती दह्याची वाटी घेऊन पहिल्या झाडापाशी बसली. चौथ्या झाडाशी तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"तीन," मामा म्हणाला.

"मी अजून बोलले कुठे?"

"तू रांगत होतीस तेव्हापासून हे तोंड वाचतोय. तीनच ना?"

तीनच होती. पुढची दोन, तीही बरोबर. सतरा नंबरला मामाने आकडा न सांगता दही पुढे केलं.

"पाच," तो मग म्हणाला. "आणि चांगली वीतभर!"

साठ झाडांना तीन दिवस लागले. शुक्रवारी तक्त्याखाली 'चाखणारा' या शब्दापुढे भाचीने स्वतःची सही केली. 'आकडे देणारा' असा रकाना तिथे नव्हताच. तिने तो पट्टीने नीट आखला आणि पेन मामापुढे धरलं.

"साहेब विचारतील, हे काय नवीन," मामा म्हणाला.

"विचारू देत. दोघं मिळून सांगू. कर सही."