चहूबाजूंनी काच

"यात माणूस बसवणार आहात की कपडे वाळत घालणार आहात?" असं सासूबाईंनी विचारलं, तेव्हा चिमणीची आई हसली होती.

टेंपोतून ते काचेचं खोकं नुकतंच उतरवलं होतं आणि दोघी पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून बघत होत्या. सासूबाई फ्रीजपासून जावयापर्यंत प्रत्येक गोष्टीत खोट काढत, त्यामुळे त्यांच्या बोलण्याकडे कानाडोळा करायची तिला सवयच झाली होती.

"आई, त्याला किऑस्क म्हणतात."

"म्हणा काहीही. ऊन काय नाव विचारून आत शिरतं?"

खरं तर किऑस्क आला तो तिच्याच हट्टामुळे. आधी फाटकाशी झाडाखाली वॉचमन काकांची पत्र्याची टपरी होती. एकदा दुपारी काका नळावर पाणी प्यायला गेले आणि तेवढ्यात कुणी अनोळखी माणूस थेट तिच्या दारापर्यंत आला. गाद्या विकणारा होता बिचारा, पत्ता चुकला होता. पण कुशीत दोन महिन्यांची चिमणी आणि दारात परका पुरुष. पुढे कित्येक दिवस बेल वाजली तरी ती दाराची साखळी काढेना. मीटिंगमध्ये ती पहिल्यांदाच बोलली: वॉचमन प्रत्येक खिडकीतून दिसला पाहिजे, कुठल्याही वेळी. सेक्रेटरींनी मान अशी डोलावली, जणू हे वाक्य ते वर्षभर कुणाच्या तरी तोंडून ऐकायला टपले होते. शिकलेली म्हणून नोटीस लिहायचं कामही तिच्याकडेच आलं. तिने शब्दकोश उघडला आणि हौसेने लिहिलं, की किऑस्क म्हणजे मुळात राजेलोकांच्या बागेतला मंडप, चहूबाजूंनी उघडा, वारा खात बसण्यासाठी.

हा मंडप चहूबाजूंनी बंद होता. तो मुद्दाम झाडापासून लांब, उघड्यावर ठेवला होता, कारण झाडाआड तिसऱ्या मजल्याला काका दिसले नसते. आत येणाऱ्या-जाणाऱ्यांची नावं टिपणारा टचस्क्रीनचा एक पडदा बसवला होता. ज्या कंपनीने तो विकला ती त्या पडद्यालाही किऑस्कच म्हणायची. त्यावर धूळ बसू नये म्हणून दार लावून घ्यायची सक्त ताकीद होती. पंख्याचा विषय पुढच्या मीटिंगला ठेवला होता.

मुलं त्याला मत्स्यालय म्हणायची. दुसऱ्या मजल्यावरचे वकील बूथ म्हणत. साठीला टेकलेले काका मात्र पहिल्या दिवशी बायकोला फोनवर सांगत होते, "अगं, केबिन दिलीय मला. काचेची. बँकेत साहेबाला असते ना, तशी." शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा त्यांनी त्या दिवसापासून लावायला सुरुवात केली.

मग एक रीत पडली. ती कुणी ठरवली नाही, पडली. काकांचा डोळा लागलेला दिसला, की जो बघेल त्याने गॅलरीतून फोटो काढून इमारतीच्या ग्रुपवर टाकायचा. सेक्रेटरी तो वॉचमन पुरवणाऱ्या एजन्सीला पाठवत आणि एजन्सी काकांचा अर्ध्या दिवसाचा पगार कापे. उंटावरून शेळ्या हाकणं याहून सोपं कधी नव्हतं. चिमणीच्या आईने फोटो कधी टाकला नाही. इतरांनी टाकलेला दिसला की तिला बरं वाटायचं, एवढंच. कुणीतरी लक्ष ठेवून आहे म्हणायचं.

उन्हाळा चढला. त्या दुपारी ती खिडकीशी चिमणीला पाजत बसली होती आणि फोन थरथरला. चौथ्या मजल्यावरून फोटो आला होता: काका खुर्चीत, मान छातीवर, गाल काचेला टेकलेला.

"शुभ रात्री काका," कुणीतरी लिहिलं.

"मासा झोपला वाटतं."

"डिलीट करू नका, पुरावा आहे," हे वकील.

तिने खाली बघितलं. चिमणी झाल्यापासून तिला एक खोड लागली होती. झोपलेल्या लेकीच्या नाकाखाली ती दिवसातून दहा वेळा बोट धरून बघायची. नवरा चेष्टा करायचा, पण त्या खोडीने तिला झोप ओळखता येऊ लागली होती. झोपलेलं माणूस खांदा हलवतं, तोंड चावल्यासारखं करतं, माशी बसली तर हात उचलतं. काकांच्या कपाळावर माशी चालत होती. तळहात उलटा मांडीवरून खाली लोंबत होता.

तिने एका हाताने लिहिलं, "ते झोपलेले वाटत नाहीत. कुणीतरी खाली जाऊन बघा ना."

"हो, कुणीतरी बघा," तिसऱ्या मजल्याने लिहिलं.

"खरंच, कुणीतरी जा. मी ऑफिसात आहे."

"काळजी घ्या, ऊन फार आहे," आणि जोडलेले हात.

चिमणी नुकती डोळे मिटत होती. आत्ता उठलं तर ती रडणार, मग तासभर झोपणार नाही. कुणीतरी जाईलच. चौथ्या मजल्याचं दार वाजलं असं तिला वाटलं, पण तो वारा होता. ती थांबली. किती वेळ ते तिला पुढेही नीट सांगता आलं नाही. सासूबाई आतून येऊन तिच्या मागे उभ्या राहिल्या, तोवर ती बसूनच होती.

"काय बघतेस एवढं टक लावून?"

तिने फोन दाखवला. सासूबाईंनी फोनकडे नाही, खिडकीबाहेर पाहिलं.

"दे ती पोर इकडे. माझे गुडघे धड असते तर तुला सांगितलं नसतं. जा, पळ."

चिमणी किंचाळून रडायला लागली. तिची आई चपला न घालताच धावली. फरशी तव्यासारखी तापली होती. किऑस्कच्या दाराची कडी हाताला चटकली, पदराने धरून ओढली तेव्हा दार उघडलं आणि भट्टीचं झाकण काढावं तसा वाफारा तोंडावर आला. पडदा आत शांतपणे चमकत होता: 'स्वागत आहे. आपले नाव लिहा.'

काकांचं अंग कोरडं होतं, घामसुद्धा नव्हता. तिने गळ्याजवळचं बटण तोडलं, समोरच्या नळावरून पाणी आणून डोक्यावर ओतलं. डोळे अर्धे उघडले.

"ताई, झोपलो नव्हतो मी," ते म्हणाले. "फोटो नका काढू."

वर सगळ्या गॅलऱ्यांत माणसं उभी होती. पाच मजले, झाडून सगळी. रुग्णवाहिका आली तेव्हा फाटक उघडायला मात्र कुणी नव्हतं, तिलाच जावं लागलं.

ती वर आली तोवर ग्रुपवरचा फोटो पुसला गेला होता. शुभ रात्रीही पुसलेली, मासाही. संध्याकाळी एजन्सीने दुसरा माणूस पाठवला. तो त्याच खुर्चीत बसला.

पुढच्या मीटिंगमध्ये ती म्हणाली, काचेला निदान पडदे लावा. सेक्रेटरी मवाळपणे म्हणाले, "वहिनी, मग तो दिसणार कसा? तुमचाच मुद्दा होता." पंख्याचा ठराव झाला. पंखा अजून आलेला नाही.

इस्पितळात गेली तर काकांना घरी सोडलं होतं. त्यांचा फोन बंद. तिने एजन्सीला विचारलं.

"कोण काका? आमच्याकडे सगळे काकाच आहेत, मॅडम," पलीकडचा माणूस म्हणाला. तिने इमारतीचं नाव सांगितलं. "बरं, ते का. त्यांची जागा बदलली."

"या तब्येतीत? कुठे?"

"ते सांगता येत नाही. काही तक्रार आहे का त्यांच्याबद्दल?"

"नाही. ते बरे आहेत का, एवढंच विचारायचंय."

"कामावर आहेत म्हणजे बरेच असणार ना," तो म्हणाला, आणि तिला एजन्सीचं नवं माहितीपत्रक पाठवलं. त्यावर त्यांच्याच इमारतीचा किऑस्क होता, स्वच्छ पुसलेला, रिकामा. खाली लिहिलं होतं, की बऱ्याच सोसायट्यांनी हेच मॉडेल मागवलं आहे.

म्हणजे काका त्यातल्याच एखाद्यात असणार. कुठल्या, ते तिला ठाऊक नाही. म्हणून तिचं तुम्हांलाच सांगणं आहे. तुमच्या फाटकावर नवा माणूस आला असेल, उंच, खांद्यात वाकलेला, कडेवरच्या बाळालाही सलाम करणारा, तर वरून बघू नका. पाण्याचा तांब्या घ्या आणि खाली उतरा. दार बाहेरून ओढावं लागतं, जरा घट्ट असतं. ते कसे आहेत तेवढं बघून या.