न सांगितलेली ओळ

मंगळवारी सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी ऑफिसच्या सामायिक कोड-लायब्ररीतल्या एका फाइलमधून एक ओळ गेली. दहापर्यंत अकरा टीमचं सॉफ्टवेअर चाचणीशिवाय ग्राहकांकडे पोचलं होतं. प्रत्येक पडद्यावर सगळं ठीक असल्याची हिरवी खूण होती.

ओळ काढणारीला ऑफिसात घाईबाई म्हणत. हे नाव अण्णांनी ठेवलेलं. अण्णा ती लायब्ररी नऊ वर्षं सांभाळत होते. सॉफ्टवेअर बांधायचं, तपासायचं आणि पाठवायचं काम तिथे आपोआप होई. त्यासाठी लागणाऱ्या फाइली एकाच फोल्डरमध्ये असत. प्रत्येक टीमचं बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअर बांधणारी यंत्रणा, हवी ती फाइल नावाने मागून घेई आणि तिच्यात लिहिलं असेल तसं चाले. कोणती आवृत्ती हवी ते नमूद करा, असं अण्णा दर बैठकीत सांगत. लोक मान डोलवत आणि ‘ताजी’ असं लिहून मोकळे होत. त्यामुळे इथला बदल मिनिटभरात सगळीकडे जाई. म्हणून अण्णांनी नियम घातला होता: दुसऱ्याने वाचून मंजुरी दिल्याशिवाय या फोल्डरला हात लावायचा नाही.

त्या सकाळी अण्णा डोळ्यांच्या दवाखान्यात होते. बायकोचं ऑपरेशन होतं. घाईबाईने फोन केला.

“काकू कशा आहेत?”

“आत नेलंय. कामाचं बोल.”

“एक मंजुरी हवी होती. एकच ओळ आहे, आमच्या टीमच्या सर्व्हरचा नवा पत्ता.”

“फोनवर मला सगळं मुंगीएवढं दिसतं. दुपारी बघतो.”

“दहाला साहेबांना दाखवायचंय हो. एका ओळीसाठी कशाला अडवता?”

“एकच ना?”

“एकच.”

“लग्नाची वेळ टळत असल्यासारखी पळत असतेस नुसती,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी मंजुरीचं बटण दाबलं.

बदल दोन ओळींचा होता. पत्ता घालताना तिला वरची एक ओळ जुनी, बिनकामाची वाटली होती, ती तिने काढली. चाचण्या पूर्ण होईपर्यंत थांबा, एवढंच त्या ओळीत होतं. तिच्या टीमला ती लागत नव्हती. अकरा टीमना लागत होती.

दुपारी ग्राहकांपैकी सहा प्रयोगशाळांतून तक्रार आली की रिपोर्टवर रुग्णांचं वय छापलं जात नाही. चारपर्यंत सगळं मागे घेतलं गेलं. कुणा रुग्णाला त्रास झाल्याचं चौकशीत आढळलं नाही.

चौकशी शुक्रवारी झाली. साहेबांनी अण्णांना विचारलं, “मंजुरी तुमची आहे. वाचलं होतं?”

“वाचलं होतं.”

“मग?”

“नजरेतून सुटलं.”

घाईबाई दोन खुर्च्या सोडून बसली होती. पेनाचं टोपण काढत होती, लावत होती. बैठक अकरा मिनिटांत संपली. तिने अण्णांना जिन्यात गाठलं.

“वाचलं होतं असं का म्हणालात?”

“न वाचता मंजुरी दिली, असं सांगू? तो नियम मी या अख्ख्या ऑफिसला घोकायला लावलाय.” दोन पायऱ्या उतरून ते थांबले. “आणि तुला बोलायचं होतं, तर खोलीत बोलायचं होतंस.”

लायब्ररी त्यांच्याकडून काढून घेतली गेली. महिनाअखेरीस त्यांनी राजीनामा दिला. जाताना ते प्रत्येकाच्या टेबलापाशी थांबले. तिच्यापाशीही थांबले, पण त्यांनी तिला खऱ्या नावाने हाक मारली आणि “येतो” म्हणाले.

यानंतर पाच महिने तिने काही केलं नाही.

घटनेचा अहवाल त्याच फोल्डरमध्ये ठेवलेला आहे आणि त्यालाही तोच नियम लागू आहे. गेल्या बुधवारी तिने अहवालात भर घातली: ‘मंजुरी मागताना मी एका ओळीचा बदल सांगितला होता. काढलेली ओळ मी सांगितली नव्हती.’ मंजुरीसाठी साहेबांचं नाव टाकलं. फोन कुणालाच केला नाही. एक प्रत अण्णांना पाठवली.

साहेबांनी खाली लिहिलं, ‘आता याची गरज आहे का?’

तिने लिहिलं, ‘आहे.’

अण्णांनी प्रत उघडल्याची खूण दिसते. उत्तर आलेलं नाही. काल संध्याकाळी पाच वाजता त्या पानावर एवढंच होतं: बदललेल्या ओळी दोन, मंजुरी बाकी.