पिळाची कडी

खुब्याचं हाड मोडून मी तीन महिने अंथरुणात काय पडले, दादाने घोडेस्वारीच्या शाळेची पार वाट लावली. काठी टेकत तबेल्यात शिरले, तर छबीच्या खुंटीवर नवा लगाम. घोडीच्या तोंडात राहणारी कडी माझ्या वेळी जाड, रबर चढवलेली होती. ही पीळ दिलेल्या तारेची. अंगठा फिरवून बघितला, तर ओरखडा आला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“दादा, हे कुणाचं डोकं?”

“माझंच. ऐकायचीच नाही गं ती. शिकाऊ लोक ओढून ओढून दमायचे. आता बघ, कशी जागच्या जागी थांबते!”

जणू घोडी म्हणजे दिव्याचं बटण. दादाला घोड्यातलं ओ की ठो कळत नाही.

छबी शिंगरू होती तेव्हापासून मी तिला शिकवलंय. करंगळी वळवली की वळायची. पुढच्या नि मागच्या दातांमध्ये घोड्याची मोकळी हिरडी असते, कडी तिथेच टेकते. मी तिथे बोट ठेवून हलकेच दाबलं. पूर्वी एवढ्यावर ती मान खाली घ्यायची. आता काही नाही. जोर लावला, तरी ती समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. हिरडी वहाणेच्या तळासारखी टणक झाली होती. तिथली जाणीव एकदा मेली की परत येत नाही, हे मला कुणी सांगायला नको. तिच्या मानेवर डोकं टेकून मी रडले.

“जुनी कडी घालू. होईल हळूहळू,” मी दादाला म्हणाले. चक्क खोटं बोलले.

जुनी कडी घालून दादा स्वतः बसला. छबी निघाली ती निघालीच. दादा ओढतोय, ओरडतोय, आणि ती थेट कुंपणावर. दादा पडला, उठला, पॅन्ट झटकली.

“हे असंच असेल, तर उद्या विकतो. गाडीला जुंपायला कुणीही घेईल.”

गाडीवाले तोंडात काय काय घालतात, ते मी पाहिलंय.

तेवढ्यात दादाची मुलगी हेल्मेट घालून पळत आली. “आत्या, आज तू शिकवणार ना? चढू मी?”

नको म्हटलं तर छबी गेली. जुन्या कडीवर बसवलं तर पोर जायची. मी तारेचा लगाम उचलला.

“थांब, मी धरतो. मान उडवते ती, दोघं लागतात,” दादा म्हणाला.

दोघं लागले नाहीत. माझा हात ओळखून छबीने आपणहून तोंड उघडलं, आणि मी ती तार आत सरकवली.