बुरांसाला घातलेला राब

मी बुरांस बोलतोय. नाव ऐकलं नसेल तर तुमचा दोष नाही. रोह्यात मला कुणीच ओळखत नव्हतं. तिकडे हिमालयात, कुमाऊंच्या उतारांवर, आम्ही रानभर असतो आणि थंडी सरताना लालभडक फुलतो. मला इकडे आणलं हंसाने, ओल्या गोणपाटात गुंडाळून, स्वतःच्या मांडीवर. तिचा भाऊ आणि इथला जगन धाटावच्या एकाच कंपनीत कामाला. त्या ओळखीतून जगनशी तिचं लग्न जमलं आणि नवरीबरोबर मीही रोह्याजवळच्या या गावात येऊन पडलो.

आल्यापासून मला चैन नाही. इथली हवा म्हणजे भाताच्या टोपातली वाफ! पावसाळ्यात मुळांशी पाणी तुंबलं की जीव घुसमटायचा, उन्हाळ्यात पानांच्या कडा करपायच्या. हंसा रोज कळी आली का ते चाचपायची. "तू रुजलास तर मीपण रुजेन," असं एकदा म्हणाली. झालं, तेव्हापासून मला जास्तच धास्ती.

तिची सासू पुतळी. जन्म भातशेतीत गेलेला. मी सुकतोय हे तिच्याही नजरेतून सुटलं नाही. इकडे भाताची रोपं करायच्या आधी त्या जागेवर शेण, पाला, टहाळ पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. भाजल्याशिवाय जमीन देत नाही, ही पुतळीची खूणगाठ. एकदा हंसा नदीवर धुणं घेऊन गेली असताना तिने माझ्या शेजारीच राब पेटवला आणि निवलेली राख पाटीभर माझ्या बुडाशी घातली, अगदी मायेने, थोपटून थोपटून. पण आम्हाला आंबट माती लागते हो! राख म्हणजे विषच. शिवाय धगीने माझी अर्धी पानं होरपळली.

हंसा परतली. हातातली बादली तिथेच पडली.

"आई, तुमी माझा माहेर जाळला!"

"जालीन कशी गो? राब केलाय त्याला. जोम धरंल म्हून!"

हंसाला राब हा शब्दच ठाऊक नव्हता. ती जेवली नाही. पुतळीही ओटीवर तोंड फिरवून बसली. मी मध्ये उभा, पिवळा पडत चाललेला. दोघींनाही ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण झाडाला तोंड कुठलं?

जगन शिफ्टवरून आला आणि दोघींमध्ये अडकला. "आये, तिच्याकडं याला राख घालीत नाय. कुजका पाला लागतो."

"मंग आधी सांगायचं ना तिनं," पुतळी पुटपुटली.

मग तो बायकोकडे वळला. "तिनं जाळलं नाय गो. आमी पोटच्या पिकाला करतो, ते तुझ्या झाडाला केलंन."

 दुसऱ्या दिवशी सकाळी पुतळी ओणवी होऊन माझ्या बुडाची राख हातांनी उकरत होती. हंसा आली आणि तिच्या शेजारी बसून उकरू लागली. मग रानातला कुजका पाला आला, नारळाची सोडणं आली, वर सावलीला झापांचा मांडव चढला. माझे लाड सुरू झाले म्हणा ना!

मी जगलो. फुललो मात्र नाही. कळ्या धरायच्या आणि शिमग्याच्या उन्हात गळायच्या. हंसा त्या ओच्यात गोळा करायची, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शेवटी पुतळीच म्हणाली, "झाड कुढतंय गो. त्याला त्याच्या गावाला नेऊन लाव." आणि माझ्या बुडाशी पाला सारत, "तू मातुर मागारी ये."

आज रोह्याच्या स्टँडवर एसटीत बसलोय. तेच गोणपाट, तीच मांडी. थंड मुलखात जायचं म्हणून आनंद व्हायला हवा, तर जीव नुसता वरखाली होतोय. हंसा परत येईल ना? मी तिथे फुललो आणि ती तिथेच रमली, तर पुतळीला काय सांगणार?

तुमच्याकडे परमुलखातून कुणी आलं, झाड असो की सून, तर माया जरूर करा. फक्त त्याला काय मानवतं, तेवढं आधी विचारा.

एसटी हलली. पुतळी खिडकीचा गज धरून सोबत चालतेय. "झाडाचा खड्डा बुजवीत नाय मी. तिथं काय लावायचं ते तू येऊन लाव!"

हंसाने पदराने डोळे पुसले आणि गजाला तोंड लावून ओरडली, "आये, तिथं राब करून ठेव गो! मी येतेय ना!"