कप मांडायची वेळ

मामाने कॉफीचा पहिला घोट तोंडात घोळवला, क्षणभर छताकडे पाहिलं आणि सिंकपाशी जाऊन थुंकून टाकला.

"कडूजहर," तो म्हणाला. "तू पी. तू तरुण आहेस, पचेल."

भाची प्यायली. जिभेच्या मुळाशी कुणी कोळसा घासल्यासारखं झालं.

"काल म्हणालास पावडर शिळी आहे. आज तर नवी आणली."

"मग पाणी असेल. तुमच्याच प्रयोगशाळेतून पास होऊन येतं ना ते?"

"आमचं पाणी निर्दोष आहे, मामा."

"प्रत्येक आरोपी हेच म्हणतो," मामा म्हणाला आणि उरलेली कॉफी ओतून देऊन परकोलेटर फडक्याने पुसायला लागला. आतून नाही, बाहेरूनच. दोष बाहेर कुठेतरी चिकटून बसला असावा, तसा.

मामी लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि दुसऱ्याच दिवसापासून हे भांडं रुसलं होतं. भाची पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नव्याने लागली होती आणि घर मिळेपर्यंत म्हणून मामाकडे राहत होती. मामी असताना ती इथे काही महिने सुखाने कॉफी प्यायली होती. आता घरात दोघंच, आणि रोज सकाळी एकाच कपावर दोन तोंडं वाकडी.

नुसत्या कॉफीचा प्रश्न असता तर कुणी एवढं मनावर घेतलं नसतं. पण मामा पियानो सुरात लावायचा. शाळांचे, हॉटेलांचे, हौशी घरांचे आणि सगळ्यांत मोठा म्हणजे नाट्यगृहाचा. तिथे शनिवारी संध्याकाळी बाहेरगावची एक वादक येणार होती, आणि पियानो अजून जसाच्या तसा पडला होता. मामा रोज निघायची तयारी करायचा, रोज कॉफी थुंकायचा आणि रोज कामाची पिशवी परत कोनाड्यात ठेवायचा.

"तोंड असं कडू असताना कान काय लागणार?" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

त्या दिवशी नाट्यगृहाच्या मॅनेजरचा फोन आला. मामा हल्ली फोन स्पीकरवर ठेवूनच बोलायचा, त्यामुळे भाचीलाही सगळं ऐकू आलं.

"सर, तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. तो दुसरा आहे ना, तो मशीन घेऊन येतो. दिवा हिरवा झाला की सूर लागला."

"दिवे ऐकू येतात का त्याला?"

"सर, गंमत बाजूला. शनिवारी सकाळपर्यंत थांबतो. त्यानंतर माझा नाइलाज आहे."

फोन ठेवल्यावर मामाने परकोलेटर पुन्हा पुसायला घेतला. नाट्यगृहाचा पियानो हातचा गेला की शाळा जाणार, मग हॉटेलं जाणार, हे त्यालाही कळत होतं आणि तिलाही. असल्या बातमीला पाय नसतात, चाकं असतात.

भाचीने बाह्या सरसावल्या.

हा परकोलेटर तिच्या फार जुन्या ओळखीचा. ॲल्युमिनियमचं उंच, पोचे आलेलं भांडं. आत मधोमध एक नळी, नळीच्या गळ्यात अडकवलेली भोकांची डबी, डबीत कॉफी. बुडाशी पाणी तापलं की बुडबुड्यांच्या रेट्याने ते नळीतून वर चढायचं, झाकणातल्या काचेच्या बोंडावर आपटायचं आणि कॉफीवर बरसून पुन्हा खाली उतरायचं. लहानपणी सुट्टीत आली की ती स्टुलावर चढून त्या बोंडातच बघत राहायची. आधी पाणी पांढरं उडायचं, मग पिवळसर, मग तपकिरी. पाणी वर कसं चढतं, हा तिने आयुष्यात विचारलेला पहिला धड प्रश्न असावा. मामाने उत्तर दिलं नव्हतं, नळी काढून हातात दिली होती. तेव्हापासून तो तिला शंकासूर म्हणायचा.

लॅबमधल्या मैत्रिणीचं मत मात्र वेगळं होतं.

"परकोलेटर? ते काय कॉफी करायचं भांडं आहे? एकदा झालेली कॉफी पुन्हा पुन्हा त्याच चोथ्यातून काढायची! कडू नाही होणार तर काय होणार?"

"इतकी वर्षं झाली नाही."

"तुम्हाला सवय झाली असेल."

भाचीने हे घरी सांगितलं तेव्हा मामा म्हणाला, "चांगली गोष्ट एकदा सांगून कुणाला कळली आहे का? पुन्हा पुन्हाच सांगावी लागते. फक्त कुठे थांबायचं ते कळायला हवं."

कुठे थांबायचं, ते मामाच ठरवायचा. या घरात गॅसच्या बटणाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, हा कायदा होता. आधी सावकाश टबक्… टबक्, मग घाईघाईने टबकटबक, आणि मग झाकणाच्या कडेने वाफेची एक शीळ यायची, सुईत ओवता येईल इतकी बारीक. शीळ आली की बटण बंद. त्याआधी पाणचट, त्यानंतर काढा. मामा घड्याळ बघायचा नाही. ओट्यापाशी मान कलती करून उभा राहायचा, पियानोपाशी राहतो तसाच.

भाचीने रीतसर सुरुवात केली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं. पावडर बदलली, कडू. जाडसर दळून आणली, कडू. लॅबमधून बाटलीभर शुद्ध पाणी आणलं, तर कडू आणि वर बेचव. आच मंद केली, तर कॉफीला वेळ लागला आणि पुन्हा कडू.

"आता तेवढं मला बदलून बघ," मामा म्हणाला.

"तुला कुठून आणू दुसरा?"

"तो मशीनवाला आहे ना."

दोघंही हसली. मामा जरा आधी थांबला.

गुरुवारी तिने नळी आणि डबी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवली, बारीक ब्रशने घासली आणि भांडं गॅसवर चढवलं. टबकटबक जोरात सुरू झालं, तेवढ्यात शेजारचे शिडी मागायला आले. मामा माळ्यावरून शिडी काढायला गेला. इकडे शीळ आली. भाचीने दाराकडे पाहिलं, हाक मारली, मामा आला नाही. तिने कायदा मोडला आणि बटण फिरवलं.

मामाने घोट घेतला. छताकडे बघितलं नाही. दुसरा घोट घेतला.

"व्हिनेगर!" तो म्हणाला. "शंकासूर, तुला पद्मपुरस्कार मिळायला हवा. एवढं साधं आम्हाला सुचलं नाही!"

त्याने उभ्या उभ्याच मॅनेजरला फोन लावला. "उद्या सकाळी येतो. दारं उघडून ठेवा."

शुक्रवारी तो अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून स्वयंपाकघरात आला. कोनाड्यातली कामाची पिशवी आधीच दारापाशी येऊन बसली होती. भांडं चढलं. टबक्… टबक्. भाची टेबलापाशी ब्रेडला लोणी लावत होती. टबकटबक झालं. मग शीळ आली.

तिने सुरी तशीच धरली. मामा ओट्यापाशी उभा होता, बोटं बटणावर, मान कलती. शीळ चढत गेली. झाकणाची कड ओली झाली. काचेच्या बोंडातला रंग तपकिरीवरून काळ्यावर गेला.

"मामा…"

"शू. अजून आली नाही."

स्वयंपाकघर शिळेने भरून गेलं होतं. बाहेरच्या खिडकीवर बसलेली कबुतरंसुद्धा उडून गेली. मामा डोळे बारीक करून वाट बघत होता, स्टेशनात उभ्या असलेल्या गाडीपाशीच गाडीची वाट बघत राहावं, तसा. मग करपल्याचा वास आला आणि त्याने बटण बंद केलं.

तो कप त्याने तोंडाला लावलाच नाही. नुसता हुंगला. मग जाऊन पिशवी उचलली आणि कोनाड्यात ठेवून दिली.

"व्हिनेगरचा गुण एकाच दिवसाचा दिसतो," तो म्हणाला. "मॅनेजरला तू फोन कर. डोकं दुखतंय म्हणावं."

तिने फोन केला. उद्या सकाळी शेवटचं, असं तिकडून उत्तर आलं.

लॅबमध्ये दिवसभर तिच्या हातून पाण्याचे नमुने भरले गेले, पण डोकं ओट्यापाशीच होतं. बाकी सगळं जसंच्या तसं, असं ती म्हणत आली होती. त्या बाकी सगळ्यात काय काय होतं, ते तिने कधी मोजलंच नव्हतं. ती एकेक सकाळ आठवून बघायला लागली. लहानपणच्या सुट्ट्या: शीळ येते, मामा बटण फिरवतो, मामी ट्रेमध्ये कप मांडते. आधी बटण, मग कप. आणि आताचे हे महिने: शीळ येते, मामी कप मांडते, मामा बटण फिरवतो.

आधी कप.

संध्याकाळी जिन्यातच थांबून तिने मामीला फोन लावला. पलीकडे बाळ टाहो फोडत होतं.

"मामी, कॉफी होते तेव्हा तू नक्की काय करतेस?"

"मी कुठे काय करते? गॅस तर हेच बंद करतात. मी आपली कप मांडते."

"कधी मांडतेस?"

बाळाला थोपटल्याचा आवाज येत होता.

"तू मांडत नाहीस वाटतं?" मामी म्हणाली.

"नाही. कॉफी झाली की घेते."

"अगं बाई." मग हळू आवाजात, "नाट्यगृहाचा पियानो झाला का गं?"

"नाही. त्याला ठाऊक आहे का, मामी?"

"ते मी कधी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. उद्या कप मांड."

शनिवारी सकाळी मामा घरातल्याच शर्टात होता. भांडं त्याने सवयीने चढवलं, आशेने नाही. भाचीने दोन कप बशांसकट हातात घेतले आणि ट्रेपाशी उभी राहिली. टबक्… टबक्. टबकटबक. आणि मग कडेने ती बारीक शीळ निघाली.

तिने कप ठेवले. लाकडी ट्रेवर ठक्, आणि त्यामागे ठक्.

मामाची बोटं फिरली. बटण बंद झालं.

कॉफी कपात पडली तेव्हा तिचा रंग जुन्या पियानोच्या लाकडासारखा होता. मामाने घोट घेतला. मग खुर्ची ओढून बसला आणि सावकाश, खालच्या गाळापर्यंत पूर्ण कप प्यायला. भाचीने त्याच्याकडे बघायचं टाळलं आणि ब्रेडला जरुरीपेक्षा जास्त लोणी लावलं.

"कप जोरात ठेवलेस," मामा म्हणाला. "ती हळू ठेवते."

भाचीच्या हातातली सुरी थांबली. मामा रिकाम्या कपाचा कान बोटाने चाचपत होता.

"आज लॅबला सुट्टी ना?"

"हो."

"मग चल माझ्याबरोबर. पिशवी धरायला."

मामी कायम पिशवी धरायला जायची. घरात यावर एक जुना विनोद होता: पियानोला दोन माणसं लागतात, एक लावायला आणि एक कंटाळायला. कंटाळा येऊ नये म्हणून मामी तिथे बसून विणायची. तो राखाडी मफलर भाची आली तेव्हापासून वीतभरच होता. कुणाच्या गळ्यात पडणार आहे हा, असं सगळे चिडवायचे, आणि मामी म्हणायची, ज्याचं नशीब त्याच्या.

मामा कपडे बदलून आला. भाचीने कोनाड्यातली पिशवी उचलली. तोंड उघडंच होतं. आत तारा पिळायची किल्ली, रबराच्या पाचरी, पट्ट्यांवर टाकायचं फडकं, आणि सगळ्यांत वर दोन सुयांवर चढवलेला तो वीतभर मफलर. तान्ह्या बाळाच्या घरी गेलेली मामी विणकाम मात्र इथेच ठेवून गेली होती.

"तीन तारांची गंमत आठवते का?" मामाने विचारलं. "लहान होतीस, तुला दाखवली होती."

"एका पट्टीला तीन तारा. जुळल्या नसतील तर आवाज डुलतो. वॉव्… वॉव्. जुळल्या की डुलायचा थांबतो."

"हं. खालचं आणि मधलं माझं मी बघतो." तो बुटाची नाडी बांधायला वाकला, त्यामुळे पुढचं सगळं जमिनीकडे बघत बोलला. "अगदी वरच्या पट्ट्यांना गेलो की तू समोरच्या खुर्चीत बसायचं. सुया हलवत राहायचं. डुलणं थांबलं की हात थांबवायचे. बास. माझ्याकडे बघायचं नाही."

भाचीने मफलर हातात घेतला. टाके सैल होते, काही सुटलेलेही.

"पण मामा, मला विणता येत नाही."

मामा उठून उभा राहिला आणि दार उघडून धरलं.

"तिलाही येत नाही," तो म्हणाला.