सरासरीत बसलेलं तेल

प्रयोगशाळेत तिला सगळे पारखी म्हणायचे. अर्धं कौतुक, अर्धी टिंगल. काकडी घेतानाही ही बाई चष्मा वर करून बघते, अशी तिची ख्याती. पण माशाच्या तेलाच्या कॅप्सूल तपासण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

तेलात जुनी कारखानी रसायनं राहिली आहेत का, हे तिला बघायचं असे. त्यांच्यावर बंदी येऊन जमाना लोटला, पण ती समुद्रात मुरली आहेत आणि अजून माशांच्या चरबीत उतरतात. पोटातल्या बाळाच्या मेंदूला तर ती फारच वाईट.

काम तुंबलं की प्रयोगशाळेत एक पळवाट होती. पाच लॉटचं, म्हणजे पाच वेगवेगळ्या खेपांचं, तेल एकाच चंबूत ओतायचं आणि पाचांची मिळून एकच चाचणी करायची. आकडा मर्यादेत आला की पाचही पास. नमुन्यांतल्या उरलेल्या सीलबंद बाटल्या मग कर्मचाऱ्यांच्या पिशव्यांत जायच्या. फुकट ते पौष्टिक!

तिनेही नेल्या, भावजयीसाठी. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर त्या घरात पाळणा हलणार होता. "बिनधास्त घे," ती म्हणाली होती, "मी स्वतः तपासलंय."

आणि मग एका खरेदीदाराने स्वतः चाचणी करून माल परत पाठवला. साहेबांनी पाचही लॉट सुटे तपासायला लावले. चार अगदी स्वच्छ निघाले. पाचव्याचा आकडा बघून तिने काचेची भांडी बदलली, पुन्हा चाचणी लावली. आकडा हलला नाही. एक नासका आंबा अख्खी आढी नासवतो म्हणतात. इथे चार चांगल्यांनी मिळून एका नासक्याची अब्रू राखली होती. सरासरी मोठी लबाड. तिने भावजयीला दिलेल्या बाटल्या त्याच पाचव्या लॉटच्या होत्या.

दुकानांतला माल परत बोलावता येतो, पोटातला नाही. ती तडक भावाच्या घरी गेली. भाऊ कामावर होता. भावजय सुजलेले पाय स्टुलावर ठेवून बसली होती. कॅप्सूलच्या रिकाम्या बाटलीत तिने सेफ्टी पिना भरल्या होत्या.

"ताई, आज लवकर सुटलात?"

"त्या कॅप्सूल किती उरल्यात गं?"

"संपल्या की! तुम्हाला आणखी आणायला सांगणारच होते. डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या लिहून दिल्या होत्या, पण मी नाही आणल्या. म्हटलं, घरात पारखी असताना बाहेरच्या कशाला?"

पारखी खाली फरशीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. चंबू, पाच लॉट, सरासरी, सगळं. आपलीच तिला लाज वाटत होती, आणि भीती त्याहून जास्त.

"बाळाला काय होईल?" भावजयीने विचारलं.

"कदाचित काहीच नाही."

"आणि झालं तर?"

"उशिरा कळेल. बोलायला लागल्यावर, शिकायला लागल्यावर."

"मग आत्ताच तपासून सांगा ना. तुम्ही एवढं सगळं तपासता."

"हे नाही तपासता येत गं."

भावजयीने सेफ्टी पिनांच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं. तिने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

"ह्यांना सांगू नका," ती म्हणाली.

पारखीला भरून आलं. आपल्याला सांभाळून घेतेय, असं तिला वाटलं.

"तुमच्यासाठी नाही म्हणत. ह्यांना कळलं तर हे रोज बाळाच्या तोंडाकडे बघत बसतील, काही कमी आहे का म्हणून. माझ्या बाळाकडे कुणी तसं बघायला नको." तिने पाय स्टुलावरून खाली घेतले. "तुम्हीसुद्धा नको, ताई. बाळ झालं की तुम्ही येऊ नका."

"किती दिवस?"

"ते मला नाही सांगता येत."